उभ्या गाडीचा हप्ता

दसऱ्याला मुळशी तालुक्यातल्या गावागावांत नव्या गाड्यांची पूजा होते. भूगाव, पिरंगुट, घोटावडे, नांदे, चांदे, लवळे, माण या पट्ट्यात खडीच्या खाणी, क्रशर, काँक्रीटचे प्लांट आणि बांधकामं इतकी आहेत की झेंडूच्या माळा घातलेला दहाटायरी हायवा कुठे ना कुठे दिसतोच. गाडी घ्यायला मुहूर्त म्हणून दसरा चांगलाच. पाऊस सरलेला असतो, थांबलेली कामं सुरू होतात आणि मे अखेरपर्यंत गाडीला उसंत नसते. पहिला हप्ता सहज जातो, दुसराही जातो. घरात वाटतं, निर्णय बरोबर होता.

परीक्षा जूनमध्ये सुरू होते. ताम्हिणी घाटात एका मोसमात पाच हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि त्याच्या अलीकडचा सगळा तालुका त्या पावसाच्या तडाख्यात असतो. खाणीत पाणी साचतं, पायाची खोदाई थांबते, साइटवर चिखल इतका होतो की भरलेली गाडी आत जात नाही. गाडी दारात उभी राहते. हप्ता उभा राहत नाही. आणि पावसाळा सरता सरता, दसऱ्याला घेतलेल्या गाडीला बरोबर वर्ष होतं म्हणून, विम्याचं नूतनीकरण येतं. ज्या चार महिन्यांत कमाई सगळ्यात कमी, त्यांच्याच शेवटी वर्षातला मोठा एकरकमी खर्च दारात येतो.

स्वतःची गाडी कर्जावर घ्यावी, भाडेकराराने म्हणजे लीजवर चालवावी, दुसऱ्याची गाडी 'हप्ते भरून' ताब्यात घ्यावी की सरळ पगारावर राहावं, हा प्रश्न आज हजारो ड्रायव्हरांपुढे आहे. त्यावर बोलणं होतं ते व्याजदर, डाउन पेमेंट आणि मायलेज यांवर. हे सगळं बघावंच. पण माझ्या मते त्याआधी एक गोष्ट विचारायला हवी: गाडी उभी राहिली तर त्या दिवसाचे पैसे कोणाच्या खिशातून जातात? प्रत्येक पर्यायात याचं उत्तर वेगळं आहे, आणि कागदावर सही करण्यापूर्वी ते क्वचितच कोणी स्पष्ट सांगतं.

मुळशीत ट्रक हे नुसतं कमाईचं साधन नाही. या तालुक्याला जमीन जाण्याचा अनुभव जुना आहे. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मावळे टाटांच्या धरणाविरुद्ध लढले. धरण झालं आणि गावं पाण्याखाली गेली. नव्वदच्या दशकात हिंजवडी-माणच्या शेतांवर एमआयडीसीचा आयटी पार्क आला. नंतर प्लॉटिंग, फार्म हाउस, टाउनशिप. जमिनीचा आलेला पैसा घराला लागला, लग्नाला लागला आणि उरलेल्यातून डंपर, पाण्याचा टँकर, जेसीबी आला. ज्या घरात बैलजोडी होती त्या घरात आता आरसी बुक आहे. म्हणून इथे गाडी ओढून नेली जाते तेव्हा त्या घराचा दुसऱ्यांदा आधार जातो. आणि कर्जाला तारण किंवा जामीनदार म्हणून पुढे केलेलं असतं ते उरलेलं घर, नाहीतर भावाचा सातबारा.

हा झाला स्थानिक गाडीवाला. दुसरा ड्रायव्हर बाहेरून आलेला. बीड, लातूर, नांदेडकडचा, नाहीतर बिहार-झारखंडचा. क्रशरवर, प्लांटवर, केबिनमध्ये झोपणारा. त्याच्याकडे विकायला जमीन नव्हती आणि तारण द्यायला घरही नाही. मालक होण्याची त्याची वाट जास्त अवघड आहे. म्हणूनच 'चालव आणि मालक हो' हे बोलणं त्याला सगळ्यात लवकर पटतं.

गाडी उभी राहण्याला पाऊस हे एकच कारण नसतं. जानेवारी २०२५ मध्ये हिंजवडीत काँक्रीटचा मिक्सर उलटून दुचाकीवरच्या दोन तरुणींचा जीव गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिक्सरखाली एक शाळकरी मुलगी गेली. वर्दळीच्या तासांत जड वाहनांवर बंदी आहे, ती अशा घटनांनंतर कडक होते. ही बंदी हवीच. ज्या रस्त्यावर मुलं शाळेला जातात तिथे सकाळी आठ वाजता भरलेला मिक्सर धावता कामा नये. पण बंदीमुळे दिवसाच्या पाच फेऱ्यांच्या तीन झाल्या, तर कमी झालेल्या दोन फेऱ्यांचा भार बांधकाम कंपनी उचलत नाही, प्लांट उचलत नाही, फायनान्सवाले तर नाहीच. तो येतो गाडीवाल्यावर. मग उरलेल्या तासांत गाडी पिटाळली जाते. रस्त्यावरच्या घाईमागे ड्रायव्हरचा स्वभाव शोधणाऱ्यांनी त्याच्या हप्त्याची तारीखही विचारावी.

गौण खनिजाची वाहतूक असेल तर पासाचा प्रश्न. वाहतूक पास नसेल, मुदत संपलेली असेल किंवा पासापेक्षा माल जास्त भरला असेल, तर महसूल खात्याचं पथक गाडी धरतं आणि दंड भरेपर्यंत ती अडकून पडते. पास काढायची जबाबदारी खाणवाल्याची, माल बांधकामवाल्याचा, पण अडकते ती गाडी. वजनाचंही तेच. जुलै २०१८ मध्ये केंद्राने एक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली आणि तीन एक्सलच्या गाडीचं एकूण वजन २५ टनांवरून साधारण २८ टनांवर गेलं. ऐकायला चांगलं. पण देशातल्या गाड्यांची माल वाहण्याची क्षमता वाढली, तेवढ्याच मालाला कमी गाड्या पुरू लागल्या आणि नव्या गाडीचा हप्ता भरणाऱ्याचं भाडं दबलं. पाठोपाठ सप्टेंबर २०१८ मध्ये आयएलअँडएफएस ही मोठी वित्त कंपनी बुडाली, बिगरबँक वित्त कंपन्यांकडचा पैसा आटला. त्या वर्षी ज्यांनी गाडी घेतली त्यांचं गणित त्यांचे कष्ट कमी पडले म्हणून बिघडलं नव्हतं. हप्त्यासाठी जादा माल भरावा तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार.

आणि मुळशीकरांना लवासाची डोंगरातली टाउनशिप आठवत असेलच. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तिथलं काम थांबवायला लावलं. अटींसह पहिल्या टप्प्याची परवानगी मिळाली ती नोव्हेंबर २०११ मध्ये. पर्यावरणाचा प्रश्न खरा होता, त्यावर मला वाद घालायचा नाही. पण ज्या कोणाची गाडी फक्त त्या डोंगरावरच्या कामाला लावलेली असेल, त्याच्यासाठी ते वर्ष कसं गेलं असेल याचा विचार करा. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये लवासाची कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अशा प्रक्रियेत बँकांचा हक्क आधी येतो. माल आणि सेवा पुरवणाऱ्यांची बिलं रांगेत फार मागे असतात.

आता हिशेब. समजा नव्या टिपरसाठी ४० लाखांचं कर्ज आहे, ५ वर्षांची मुदत, घटत्या शिलकीवर १० टक्के व्याज. हप्ता येतो जवळपास ८५ हजार रुपये. महिन्यात २५ दिवस गाडी चालली तर रोजचे ३,४०० रुपये निव्वळ हप्त्याचे. डिझेल, ड्रायव्हरचा पगार आणि भत्ता, टायर, टॅक्स, पासिंग, चलानं हे सगळं त्यावर. पावसात गाडी १० दिवसच चालली की तोच हप्ता दिवसाला ८,५०० रुपये होतो. शोरूममध्ये कागदावर जे गणित मांडून दाखवतात ते २५ दिवसांचं असतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. ३५ लाखांच्या मूळ किमतीवर साडेतीन लाख वाचतात, ही मोठी सवलत आहे. पण आदल्या वर्षी २८ टक्के भरून गाडी घेतलेल्याकडे बघा. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरणार, त्याचं कर्ज मात्र जुन्याच किमतीचं राहणार. गाडी विकून मोकळं होऊ म्हटलं तर विक्रीतून कर्ज फिटत नाही. मालकीचा हा एक धोका लीजवाल्याला नसतो, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं.

बहुतेक ड्रायव्हर मालक होतात ते जुन्या गाडीवर, आणि बँकेपेक्षा वित्त कंपनीच्या दारातून. १९७९ मध्ये आर. त्यागराजन यांच्या श्रीराम समूहाने ट्रकसाठी कर्ज देणारी कंपनी सुरू केली ती याच माणसासाठी: ज्याच्याकडे पगाराची स्लिप नाही, रिटर्न नाही, पण हातात स्टिअरिंग आहे आणि भाडं कुठे मिळतं हे ज्याला माहीत आहे. बँका ज्याला दारात उभं करत नव्हत्या, त्याला कर्ज देऊन त्याच्यावर एवढी मोठी कंपनी उभी राहिली. ड्रायव्हर पैसे बुडवतो या समजाला याहून चांगलं उत्तर नाही.

पण वित्त कंपन्यांकडे व्याज कसं सांगितलं जातं ते समजून घ्या. १० लाखांचं कर्ज, ४ वर्षं, 'फ्लॅट' १० टक्के. म्हणजे ४ लाख व्याज, एकूण १४ लाख, हप्ता सुमारे २९,२०० रुपये. दहा टक्के ऐकून बरं वाटतं. मात्र मुद्दल दरमहा फिटत असताना व्याज पूर्ण दहा लाखांवरच धरलेलं आहे. घटत्या शिलकीवर मांडलं तर हेच कर्ज साधारण साडेसतरा टक्क्यांचं आहे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२४ पासून व्यक्तींच्या आणि छोट्या उद्योगांच्या कर्जांना माहितीपत्रक सक्तीचं केलं आहे. सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर किती, हे त्यात लिहावं लागतं आणि कर्जदाराला कळेल अशा भाषेत द्यावं लागतं. ते मराठीत मागावं. उशिराच्या दंडावर पुन्हा व्याज चढवण्यालाही एप्रिल २०२४ पासून बंदी आहे. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही. तक्रारीसाठी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचा १४४४८ हा क्रमांक आहे. गाडी ओढून नेण्याच्या बाबतीत मात्र भ्रमात राहू नये. गुंडांकरवी वसुली चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये प्रकाश कौर खटल्यात बजावलं. पण हप्ते थकल्यावर करारानुसार गाडी ताब्यात घेण्याचा कंपनीचा हक्क त्याच न्यायालयाने २०२० च्या मॅग्मा फिनकॉर्प निकालात मान्यही केला. करारातच नोटिशीची अट नसेल तर नोटीस मिळेलच असं नाही.

एवढं सगळं असूनही, कर्जाच्या या रस्त्यावर शेवटी काहीतरी हाताला लागतं. बोजा उतरला की आरसीवर फक्त तुमचं नाव राहतं. वेळेवर भरलेले हप्ते सिबिलच्या पत-नोंदीत दिसतात, दुसरी गाडी घेताना दर कमी मिळतो. दहा किंवा त्याहून कमी गाड्या असणाऱ्यासाठी आयकरातही सोपी सोय आहे: १२ टनांवरच्या गाडीला दर टनामागे महिन्याला १,००० रुपये उत्पन्न धरायचं, वह्या ठेवायची गरज नाही. २८ टनांच्या गाडीला वर्षाचे ३ लाख ३६ हजार. हप्त्यावर घेतलेली, पैसे अजून फिटायचे असलेली गाडीही या कायद्यात तुमचीच धरली जाते. रिटर्न भरत गेलं की ड्रायव्हर कागदावर व्यावसायिक होतो.

हे सगळं ज्या व्यवहारात हातचं जातं, तो व्यवहार आपल्याकडे सर्रास चालतो. एखाद्याला गाडी झेपत नाही. तो ओळखीच्या ड्रायव्हरला म्हणतो, पुढचे हप्ते तू भर, कमाई तू घे, कर्ज फिटलं की गाडी तुझ्या नावावर करून देतो. वर दोन-चार लाख रोख घेतले जातात. स्टॅम्प पेपरवर करार होतो, नोटरीचा शिक्का बसतो, दोन साक्षीदार सह्या करतात. मालकी मिळवून देणारी लीज जगभर ज्या नावांनी चालते, तिचं आपल्या मातीतलं रूप हेच. फक्त इथे लीज देणारा स्वतःच कर्जात बुडालेला असतो.

अशा करारातली प्रत्येक जोखीम मी मोजून पाहिली, आणि ती बहुतेक एकाच बाजूला पडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे फायनान्सवाल्यांच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. म्हणजे नोटरीच्या कागदाने ड्रायव्हरला गाडी मिळत नाही, मिळतो तो मूळ मालकाचा शब्द. हप्ता मूळ मालकाच्या खात्यात दिला आणि त्याने तो दुसरीकडेच वापरला तर गाडी ओढली जाते, आणि कंपनीच्या लेखी हा ड्रायव्हर अस्तित्वातच नसतो. चार वर्षं इमानाने हप्ते भरले तरी सिबिल सुधारतं ते दुसऱ्याचं. विमा तर फारच क्रूर ठरतो. गाडी स्वतः चालवणाऱ्या मालकासाठी २०१८ पासून १५ लाखांचं अपघाती संरक्षण सक्तीचं आहे, पण ते ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे त्या मालकाला. हा ड्रायव्हर नोंदीत मालक नाही, आणि त्याच्या हातातला करार सांगतो की तो नोकरही नाही. अपघातात तो गेला तर त्याच्या बायकोने कोणत्या दाराशी जायचं?

मूळ मालकही सुटत नाही. २०१८ च्या नवीन कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की गाडी विकली तरी नोंद ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणून असा व्यवहार करायचाच असेल तर दोघांनी मिळून कंपनीत जावं, कर्जच नव्या माणसाच्या नावावर घ्यावं, आरसीवर नाव आणि विमा दोन्ही बदलून घ्यावं. खर्च होतो, वेळ जातो, कंपनी नकारही देऊ शकते. तिने नकार दिला तर तिने या व्यवहारात काय पाहिलं, हे ड्रायव्हरने समजून घ्यावं.

कायदेशीर, कंपनीकडून मिळणारी लीज आपल्याकडे अजून मोठ्या ताफ्यांची आणि कारखान्यांची सोय आहे. महिन्याचं ठरावीक भाडं, त्यात कधी देखभाल, विमा आणि टायरसुद्धा, मुदत संपली की गाडी परत. बीएस-६ गाड्यांमध्ये सेन्सर बिघडला तरी गाडी जागची हलत नाही आणि रस्त्याकडेच्या मेस्त्रीला ती उघडता येत नाही. अशा गाडीची देखभाल दुसऱ्याच्या डोक्यावर असणं ही खरीच सोय आहे. इलेक्ट्रिक ट्रकच्या बाबतीत तर मी म्हणेन की एकट्या ड्रायव्हरने ते स्वतःच्या कर्जावर घेऊ नयेत. जुलै २०२५ मध्ये केंद्राने पीएम ई-ड्राइव्ह योजनेतून एका ट्रकला ९ लाख ६० हजारांपर्यंत अनुदान जाहीर केलं, तरी किंमत मोठी आहे आणि सहा-सात वर्षांनी बॅटरीचं काय होईल याचा धोका भांडवलदाराने घ्यावा, ड्रायव्हरने नव्हे. मात्र भाड्यावर जीएसटी लागतो. महिन्याला एक लाख भाडं असेल तर १८ हजार वर, आणि स्वतः जीएसटी न भरणाऱ्या छोट्या गाडीवाल्याला त्याची वजावट मिळत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत लीजवर घेतलेल्या गाडीचा 'मालक' म्हणजे ती ज्याच्या ताब्यात आहे तो. अपघाताची जबाबदारी मालकाची, गाडी मात्र परत द्यायची.

लीज देणारा आणि काम देणारा एकच असला, की खरी भीती सुरू होते. अमेरिकेत याचा अनुभव मोठा आहे. वाहतूक कंपनी ड्रायव्हरला सांगते की डाउन पेमेंट नको, जुना रेकॉर्ड नको, ट्रक घे, दर आठवड्याला तुझ्या भाड्यातून पैसे वळते करू, शेवटी ट्रक तुझा. पण माल किती द्यायचा हे तीच ठरवते. आठवडाभर माल कमी दिला की कपातीनंतर ड्रायव्हरच्या हातात काही उरत नाही, कधी उलट तोच देणेकरी होतो. तो कंटाळून सोडून गेला की तोच ट्रक पुढच्या ड्रायव्हरला. २०१७ मध्ये यूएसए टुडे या दैनिकाने लॉस एंजेलिसच्या बंदरांवरच्या ड्रायव्हरांची अशी हकिगत सविस्तर मांडली. २०२१ च्या कायद्यानुसार तिथल्या केंद्र सरकारने ट्रक लीजचा अभ्यास करायला समिती नेमली आणि जानेवारी २०२५ च्या अहवालात समितीने अशा 'चालवत मालक व्हा' योजनांवर बंदीच घालावी अशी शिफारस केली. आपल्याकडे हिंजवडीच्या रस्त्यांवर कॅबवाल्यांनी याची चुणूक पाहिली आहे. अ‍ॅपवाल्या कंपनीची लीजवरची गाडी, रोजचं भाडं कमाईतून वजा. २०२० च्या टाळेबंदीत ओलाने हे भाडं माफ केलं आणि पुढे गाड्या परत मागवल्या. मालकीची वाट तिथेच संपली.

त्याच टाळेबंदीत कर्जवाल्यांना मार्च ते ऑगस्ट अशी सहा महिन्यांची हप्तेसवलत मिळाली होती. व्याज चालूच राहिलं, पण व्याजावरचं व्याज सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये रद्द केलं. संकटात कर्जदाराच्या बाजूने बोलायला रिझर्व्ह बँक असते, न्यायालय असतं. खासगी लीजच्या करारात ड्रायव्हरच्या बाजूला फक्त करारातली वाक्यं असतात. म्हणून त्यात दोन वाक्यं नसतील तर सही करू नये: महिन्याला किमान अमुक काम किंवा तेवढे पैसे मिळतील हे एक, आणि गाडी परत करून बिनदंड बाहेर पडता येईल हे दुसरं.

पगारी ड्रायव्हरकीबद्दल आपला समाज फार तुच्छतेने बोलतो. स्थळ बघताना 'ड्रायव्हर आहे' म्हटलं की चेहरे पडतात, 'स्वतःची गाडी आहे' म्हटलं की खुर्ची पुढे येते. मुलगा कर्जाच्या खाईत असला तरी. चांगल्या मालकाकडे, वेळेवर पगार आणि फेरीचा भत्ता मिळत असेल, पावसाळ्यातही पगार चालू राहत असेल, तर उभ्या गाडीचा दिवस मालकाचा असतो. त्या ड्रायव्हरने गाडी घेण्याची घाई करू नये, असं मी ठामपणे सांगेन. अट एवढीच की हे सगळं कागदावर असावं. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास ठरवले होते. केबिनमध्ये झोपणाऱ्या किती जणांना ते मिळाले हे सगळ्यांना माहीत आहे. ऑक्टोबर २०२५ पासून नव्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, ही चांगली गोष्ट आहे. नेमणुकीचं पत्र, पीएफ आणि आजारपणाची रजा खरोखर मिळाली असती तर मालक होण्याची ही धडपड निम्मी कमी झाली असती. अनेक ड्रायव्हर मालक होऊ पाहतात ते हौसेने नव्हे, नोकर म्हणून त्यांना कोणी जपलं नाही म्हणून.

आणि ज्याला गाडी घ्यायचीच आहे त्याने आधी काम धरावं, मग गाडी. प्लांटला किंवा ठेकेदाराकडे गाडी अटॅच करताना दर, फेऱ्या आणि बिलाची मुदत लिहून घ्यावी. डिझेल रोख घालायचं आणि बिल दोन-अडीच महिन्यांनी मिळायचं, यात कित्येक गाड्या बुडतात. उद्यम नोंदणी केलेल्या छोट्या गाडीवाल्याचं बिल लेखी करार असेल तर ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं; मुदत टाळून वर्ष संपेपर्यंत ते थकवलं तर मोठ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात वजा करता येत नाही. नोंदणी फुकट होते आणि ती करून घ्यावी. मराठा समाजातल्या तरुणांसाठी अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परताव्याची योजना आहे, तिची कर्जमर्यादा १० लाखांवरून १५ लाख झाली. पण परतावा मिळतो तो हप्ता वेळेवर भरल्यावर. म्हणजे जो पावसात अडकला, त्याची ही मदतही अडकते.

एकट्याने दर मागितला तर ठेकेदार दुसरी गाडी बोलावतो. हिमाचलमध्ये दाडलाघाट आणि बरमाणाच्या सिमेंट कारखान्यांना माल वाहणाऱ्या ट्रकवाल्यांच्या संस्था आहेत, नंबराने गाडी लागते. १५ डिसेंबर २०२२ ला भाड्याच्या वादात मालक कंपनीने दोन्ही कारखाने बंद केले आणि ट्रक ६७ दिवस उभे राहिले. २० फेब्रुवारीला तडजोड झाली ती टनामागे किलोमीटरला सहाटायरीला १० रुपये ३० पैसे आणि मोठ्या गाड्यांना ९ रुपये ३० पैसे या दराने. ट्रकवाल्यांना दर खाली घ्यावा लागला, पण तो टेबलावर बसून ठरला आणि लिहिला गेला. मुळशीत 'स्थानिकांनाच काम द्या' म्हणून गेट अडवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या दांडगाईने दोन-चार जणांना ठेके मिळतात, गाडीवाल्यांना दर मिळत नाही. नोंदणीकृत सहकारी संस्था, नंबराची पद्धत, उघड दरपत्रक, हे करायला गेट अडवावं लागत नाही.

फायनान्सवाल्यांकडेही एक मागणी करता येईल. ट्रॅक्टरच्या कर्जाचे हप्ते पिकाच्या हंगामाप्रमाणे सहामाही किंवा तिमाही बांधले जातात, कारण शेतकऱ्याकडे पैसा कधी येतो हे बँकेने मान्य केलं आहे. मुळशीतल्या टिपरचाही हंगामच असतो. वरच्या ४० लाखांच्या कर्जाचे वर्षाला १० लाख २० हजार होतात. जून ते सप्टेंबर हप्ता निम्मा, म्हणजे ४२,५०० ठेवला, तर उरलेल्या आठ महिन्यांत तो १,०६,२५० रुपये होतो. व्याजात थोडा फरक पडेल तेवढाच. आता हे दिवसांवर वाटून पाहा. पावसाळ्यात महिन्याला १० दिवस, एरवी २५ दिवस गाडी चालली तर दोन्ही वेळेला हप्ता येतो चालत्या दिवसामागे ४,२५० रुपये. कंपनीचा पैसा वर्षाअखेर तेवढाच वसूल होतो आणि जुलैमध्ये गाडी ओढायला माणसं पाठवावी लागत नाहीत. येत्या दसऱ्याला गाडी घेणाऱ्यांनी डाउन पेमेंटवर घासाघीस करण्याआधी हे कोष्टक शोरूममधल्या फायनान्सच्या टेबलावर ठेवावं, आणि एकट्याने न ठेवता दहा-पंधरा जणांनी मिळून ठेवावं.